अक्षरवळणांची जोडी : खिळ्यांच्या छपाईतील एका भित्तिपत्रकाचा विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांमध्ये ‘लेखकांसाठी सूचना’ नावाचे एक पान असते. २००० नंतरच्या दशकात या पानावर एक वाक्य थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी आढळत असे : मराठी मजकूर ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ या टंकात १६ पॉइंटमध्ये आणि इंग्रजी मजकूर ‘टाइम्स न्यू रोमन’ या टंकात १२ पॉइंटमध्ये जुळवून पाठवावा. युनिकोड रूढ झाल्यावर टंकांची नावे बदलली. दोन आकड्यांमधील अंतर मात्र पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले. आपणांपैकी बहुतेकांनी ही सूचना निमूटपणे पाळली आहे. तिच्याकडे टीकेचा विषय म्हणून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. वस्तुतः या एका वाक्यात दोन अक्षरवळणांची जोडी लावून दिलेली असते, आणि ती जोडी स्वभावतः जमत नाही हेही त्यातील ४ पॉइंटांच्या फरकाने कबूल केलेले असते.

हा फरक का पडतो, याचे उत्तर संगणकात सापडत नाही; ते शिशाच्या खिळ्यात सापडते. पॉइंट हे माप अक्षराच्या दर्शनी आकाराचे नव्हे, तर ते अक्षर ज्या ठोकळ्यावर ओतलेले असते त्या ठोकळ्याचे आहे. रोमन अक्षराला त्या ठोकळ्याचा बराचसा भाग वापरता येतो. देवनागरीला मात्र वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांची सोय ठेवावी लागते. त्यामुळे मूळ अक्षर ठोकळ्याच्या मधल्या पट्ट्यात आकसून बसते. १२ पॉइंटांचा ‘क’ हा १२ पॉइंटांच्या रोमन मोठ्या अक्षराशेजारी ठेवला की तो धाकटा दिसतो, त्याचे कारण एवढेच आहे.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अक्षरवळणांची जोडी कशी जमते, हाच विषय असलेले एखादे भित्तिपत्रक खिळ्यांच्या छपाईने मराठीत करावयाचे झाल्यास त्याची मांडणी कोणत्या तत्त्वावर व्हावी? रोमन लिपीत अशी भित्तिपत्रके पुष्कळ होतात. एका वळणातील मोठा शब्द, त्याखाली दुसऱ्या वळणातील लहान शब्द, आणि दोघांचे सख्य असा त्यांचा सांगाडा असतो. तोच सांगाडा देवनागरीत उचलून आणला की काय बिघडते, हे पाहणे येथे महत्त्वाचे आहे. कारण आपल्या स्मरणिका, निमंत्रणपत्रिका, विभागांचे फलक आणि विद्यार्थ्यांची प्रदर्शने आज त्याच उसन्या नियमावर उभी आहेत.

उसना नियम आणि बोरूचा काप

रोमन अक्षरजुळणीतला सर्वपरिचित नियम असा की, टोकांना पायऱ्या असलेले म्हणजे सेरिफ अक्षर आणि टोके साधी कापलेले म्हणजे सान्ससेरिफ अक्षर यांची जोडी करावी. या नियमाला त्या लिपीचा इतिहास आहे. लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनच्या ओतशाळेने १८१६ मध्ये आपल्या नमुनापुस्तकात पहिले बिनपायरीचे छापील अक्षर दाखविले. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी अक्षरे यंत्राने कापण्याची युक्ती काढली, आणि मग नाटके, सर्कशी, लिलाव यांच्या जाहिरातींत दहा-दहा वळणे एका कागदावर दाटीवाटीने बसू लागली. या गर्दीविरुद्धची प्रतिक्रिया म्हणजे यान चिखोल्ड याने १९२८ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली नवी अक्षरजुळणी होय. थोडक्यात, आधी वळणांचा सुकाळ झाला आणि नंतर जोडीचा संयम आला. आपल्याकडे सुकाळ कधी झालाच नाही. संयमाचा नियम मात्र आपण आयात केला.

देवनागरीत सेरिफ नाही. म्हणून या नियमाचे भाषांतर करताना बोरूच्या वळणाचे जाड-बारीक अक्षर म्हणजे सेरिफ, आणि एकसारख्या जाडीचे अक्षर म्हणजे सान्ससेरिफ, असे समीकरण गृहीत धरले जाते. हे समीकरण निम्मे खरे आहे, आणि निम्मे खरे असल्यामुळेच अधिक घातक आहे. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट दिशेने कापलेला असतो. त्यामुळे जाडी ज्या तिरप्या अंगाला रोमनमध्ये येते त्याच्या विरुद्ध अंगाला ती देवनागरीत येते. देवनागरी आणि रोमन ही दोन्ही अक्षरे बोरूची, म्हणून ती शोभतील असे समजून शेजारी ठेवली, तर प्रत्यक्षात दोन्हींचा झोक एकमेकांना छेद देतो. याउलट, एकसारख्या जाडीचे रोमन अक्षर बोरूच्या देवनागरीशेजारी पुष्कळदा शांत बसते, कारण त्याला स्वतःचा झोक जवळजवळ नसतो. नियमाने जे विजोड ठरावे ते सजोड ठरते, असा हा प्रकार आहे.

याहून मोठी गोष्ट शिरोरेषेची. रोमन अक्षर जमिनीवर उभे राहते. देवनागरी अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या वस्त्रासारखे वरून लोंबते. रोमनची ओळ डोळा तळरेषेवरून वाचतो, देवनागरीची ओळ शिरोरेषेवरून. म्हणून देवनागरीतील दोन वळणांची जोडी जमते की नाही, याची पहिली परीक्षा अक्षरांच्या अंगकाठीची नव्हे, तर दोन शिरोरेषांची आहे. एका वळणाची शिरोरेषा खांबाइतकी (म्हणजे कान्याइतकी) जाड आणि दुसऱ्याची खांबापेक्षा बारीक असेल, तर बाकी सारे सारखे असूनही ती दोन माणसे वेगवेगळ्या गावची वाटतात. खिळ्यांच्या छपाईत यात आणखी एक भर पडते. शिरोरेषा अखंड नसते. ती प्रत्येक खिळ्यावर तुकड्या-तुकड्याने ओतलेली असते आणि ओळीत ती जुळून यावी अशी अपेक्षा असते. खिळे झिजले की सांधे उघडे पडतात. झिजलेल्या संचाशेजारी कोरा संच लावला, तर वळण एकच असूनही जोडी बिघडते. संगणकावरच्या जुळणीत हा अनुभव मिळत नाही, म्हणून हे भित्तिपत्रक खिळ्यांतच व्हावे असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे. त्यामागे जुन्याची हौस नाही.

हौसेविषयी एक शब्द येथे लिहिणे भाग आहे. खिळ्यांची छपाई म्हणून अलीकडे जाड, मऊ कागदावर खोल उमटविलेली अक्षरे दाखविली जातात आणि कागदावर बोट फिरविले की खळगे लागतात याचे कौतुक होते. जुन्या छापखान्यात कागदाच्या पाठीवर अक्षर उठून दिसणे हा यंत्रचालकाचा दोष मानला जाई. दाब नेमका बसावा म्हणून तो ठशाखाली कागदाच्या चिठ्ठ्या लावीत तासन्‌तास बसे. देवनागरीला तर खोल ठसा विशेष मानवत नाही. शाई बाजूला दाबली जाते, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांच्या पोटातील पांढरी जागा बुजते, आणि बारीक शिरोरेषा उगाच जाड होते. ज्या कागदावर शिरोरेषेची खरी जाडीच दिसत नाही, त्यावर जोडीचा विचार दाखविता येणार नाही.

दारिद्र्यातून आलेले शहाणपण

एखाद्या छापखान्याने रोमनचे दुसरे वळण विकत घेणे म्हणजे मोठी अक्षरे, लहान अक्षरे, अंक व विरामचिन्हे धरून शंभराच्या आसपास प्रकारचे खिळे घेणे. देवनागरीचे दुसरे वळण म्हणजे जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रांचे प्रकार धरून चारशेहून अधिक प्रकारचे खिळे. ही संख्या हाच मराठी मुद्रणाचा शंभर-दीडशे वर्षांचा ध्यास होता. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने केलेले काम, जावजी दादाजी यांचा १८६९ मध्ये सुरू झालेला निर्णयसागर छापखाना व त्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले ठसे, लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटविण्यासाठी केलेली खटपट, पुढे लायनोटाइपच्या ९० घरांत देवनागरी बसविण्यासाठी हरि गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी केलेली मांडणी, या सर्वांचा मुख्य प्रश्न ‘एकच वळण कमी खिळ्यांत कसे बसेल’ हा होता. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्यातही ही चिंता ठायीठायी आहे. जिथे एक वळण पोसणे इतके महाग, तिथे दुसऱ्याची चैन कोण करणार?

म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या छापखान्यात साधारणपणे एकच वळण दोन-तीन आकारांत, त्याचा एखादा ठळक संच, थोडे मोठे लाकडी खिळे, किनारी आणि रूळ एवढाच संसार असे. या भांडवलावर लग्नपत्रिका, बाजार समितीची पत्रके, निवडणुकीचे जाहीरनामे आणि जत्रेची हँडबिले निघत. पिवळ्या किंवा गुलाबी पातळ कागदावर माथ्याला ग्रामदैवताचे नाव, खाली ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’, त्याखाली रात्रीच्या तमाशाची ओळ, मग तिथी-वार, आणि तळाशी ‘आपले नम्र, समस्त ग्रामस्थ मंडळी’. सुशिक्षित दृष्टीला हा कागद बेंगरूळ वाटतो. परंतु तो थोडा वेळ न्याहाळला तर असे ध्यानात येते की, त्यात वळणांची गर्दी मुळीच नाही; गर्दी आहे ती आकारांची. सारा मजकूर एकाच घरातला आहे. पाहुणा असलाच तर एकच असतो : वरचे शीर्षक, जे कोणा चित्रकाराने हाताने काढून दिलेले असते आणि लिनोलियमवर कोरून किंवा शहरातून जस्ताचा ठसा करवून आणलेले असते.

हाताने काढलेले शीर्षक आणि ओतीव खिळ्यांचा मजकूर ही मराठीतील अस्सल जोडी होय, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. सेरिफ-सान्ससेरिफ ही नव्हे. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिराती ज्यांनी संग्रहून ठेवल्या असतील, त्यांना कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या शीर्षकांवरून हे सहज पटेल. नाटकाचे नाव हे चित्र असते. पात्रपरिचय, नाट्यगृह, वेळ हे खिळे असतात. चित्र खिळ्याचे सोंग घेत नाही आणि खिळा चित्राशी स्पर्धा करीत नाही, म्हणून त्यांचे जमते. आज हस्ताक्षराचा आभास देणारे टंक शीर्षकाला वापरले जातात तेव्हा नेमके हेच बिनसते. एका शब्दात दोनदा आलेला ‘र’ दोन्ही ठिकाणी तंतोतंत सारखा असतो आणि सोंग उघडे पडते.

या मुलखातच या विचाराला दोन जुनी उदाहरणे आहेत. पुणे–मिरज लोहमार्गावर कोरेगावच्या पुढे किर्लोस्करवाडी लागते. तेथून १९२० पासून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे संपादक शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हे पेशाने चित्रकार, श्रीपाद दामोदर सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेले. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांनी सावरकरांच्या लिपिसुधारणेतील ‘अ’ची बाराखडी काही काळ चालविली : अि, अी, अु, अे. स्वतंत्र स्वरांचे खिळे वाचावेत हा तिचा एक हेतू होता. सुधारणा टिकली नाही, तरी तिने जोडीविषयी एक धडा दिला आहे. एकाच कागदावर एका वळणात ‘अि’ आणि दुसऱ्यात ‘इ’ आले, तर दोन्ही वळणे कितीही देखणी असोत, वाचकाला दोन लिप्या शेजारी ठेवल्यासारखे वाटेल. जोडी रेषांच्या आधी रीतीची जमावी लागते.

दुसरे उदाहरण औंधचे. सातवळेकरांनी तेथे स्वाध्याय मंडळ स्थापून भारत मुद्रणालयात वेदसंहिता छापल्या. स्वरांकित वैदिक मजकुराची ओळ म्हणजे पाच मजली इमारत असते : वर स्वरिताची उभी रेघ, त्याखाली मात्रा, मग अक्षर, मग उकार, आणि सर्वांत खाली अनुदात्ताची आडवी रेघ. अशा ओळीत दोन वळणे एकत्र नांदविण्याचा विचारही कोणी करणार नाही. देवनागरीच्या उभ्या अवकाशाची किती मागणी असू शकते, हे या पानांवरून समजते. रोमन नमुन्यावरून ओळींतील अंतर ठरविणाऱ्याने ती एकदा पाहावीत.

रोमन शेजाराविषयी वाईच्या मराठी विश्वकोशाने निराळाच मार्ग काढला. वनस्पतींच्या नोंदींत शास्त्रीय नावेसुद्धा ‘लॅ.’ असे लिहून देवनागरीतच दिली, आणि रोमन अक्षरे नोंदीच्या अखेरीस संदर्भांच्या यादीत ठेवली. यामुळे काही नावांचे उच्चार जड झाले, ही तक्रार रास्त आहे. परंतु पानाच्या दृष्टीने पाहता, दोन लिप्यांना एका ओळीत भांडत बसविण्याऐवजी त्यांची घरे वेगळी केली, हा निर्णय आपल्या आजच्या संशोधनपत्रिकांपेक्षा कितीतरी विचारपूर्वक घेतलेला दिसतो.

भित्तिपत्रकाचा आराखडा

वरील विवेचनानुसार भित्तिपत्रकाचा आकार डबल क्राउन, म्हणजे २० × ३० इंच घ्यावा. हा आकार ट्रेडलवर बसत नाही. म्हणून १० × १५ इंचांचे चार कागद स्वतंत्र छापून भिंतीवर एकत्र लावावेत. ही अडचण येथे उपकारक आहे, कारण प्रत्येक कागदाला आपली एक जोडी मिळते. मजकुरासाठी सुभाषित किंवा म्हण नको. सुभाषिताचा अर्थ अक्षराकडे पाहू देत नाही. गावांची नावे घ्यावीत. ती वाचावी लागत नाहीत, नुसती ओळखू येतात, आणि या दोन जिल्ह्यांतील नावे अक्षरपरीक्षेला जणू मुद्दाम ठेवल्यासारखी आहेत.

‘सातारा’ या शब्दात वर काही नाही आणि खाली काही नाही; एकामागून एक उभे खांब आहेत. शिरोरेषा व खांब यांच्या जाडीचे नाते त्याच्याइतके स्वच्छ दुसऱ्या कोणत्याही नावात दिसत नाही. म्हणून पहिल्या कागदावर ‘सातारा’ सर्वांत मोठ्या लाकडी खिळ्यांत आणि त्याखाली ‘कोरेगाव’ त्याच वळणाच्या धातूच्या खिळ्यांत असावे. येथे प्रश्न प्रमाणाचा आहे. १८ पॉइंटांशेजारी २४ पॉइंट ठेवले तर ती जुळाऱ्याची चूक वाटते. दुप्पट-तिप्पट अंतर ठेवले तर तो हेतू वाटतो. जत्रेच्या हँडबिलाला हे ठाऊक होते.

दुसरा कागद ‘शिराळा’ आणि ‘पलूस’ यांचा. ‘श’ आणि ‘ल’ ही अक्षरे मराठी वळणात एका प्रकारे आणि हिंदी वळणात दुसऱ्या प्रकारे लिहिली जातात, आणि उत्तरेकडील ओतशाळेचे खिळे वापरले की हिंदी रूपे मराठी पानात शिरतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी रूपे प्रमाण ठरविली. तथापि फलकांवर आणि क्रमिक साहित्यातही सरमिसळ चालू आहे. शीर्षकातील ‘श’ एका घराण्याचा आणि मजकुरातील ‘श’ दुसऱ्या घराण्याचा, अशी जोडी आपण रोज पाहतो आणि तिला जोडीचा दोष म्हणत नाही. या कागदावर ती तशीच, मुद्दाम विजोड छापावी. भित्तिपत्रक केवळ चांगल्या जोड्या दाखवू लागले तर ते विक्रेत्याचे नमुनापत्रक होते.

तिसऱ्या कागदावर ‘कृष्णा’ वर आणि ‘औंध’ खाली. ‘कृ’चा ऋकार खाली उतरतो, ‘औं’च्या दोन मात्रा व अनुस्वार वर चढतात, आणि मधल्या जागेत त्यांची गाठ पडते. वरची ओळ ठळक आणि खालची साधी घेतली, तर ती जागा किती सोडावी हे शिशाच्या पट्ट्या एक-एक घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. संगणक दोन ओळी एकमेकींवर चढवू देतो. चौकटीत आवळलेले खिळे चढू देत नाहीत. या एका कागदासाठी विद्यार्थ्याला दोन तास जुळणीपाशी उभे केले, तर देवनागरीच्या उभ्या अवकाशाविषयी व्याख्यान देण्याची गरज राहणार नाही.

रोमन शेजार चौथ्या कागदाच्या वरच्या निम्म्या भागात येईल. येथे प्रस्तुत लेखकाचे मत रूढीपासून थोडे दूर जाते. भित्तिपत्रकात रोमन मजकूर केवळ मोठ्या अक्षरांत घ्यावा. मोठ्या अक्षरांना वर जाणारे शेंडे नाहीत आणि (‘क्यू’ वगळता) खाली उतरणारी शेपटीही नाही. देवनागरीत तर मोठे-लहान असा भेदच नाही. ‘सांगली’ या शब्दाची शिरोरेषा आणि रोमन ओळीचा माथा एका पातळीवर आणला, दोन्हींचा तळ एक केला, आणि रोमनला एकसारख्या जाडीचे वळण दिले, की वेलांटी व अनुस्वार एवढेच त्या पट्ट्याबाहेर राहतात. मग पॉइंटांचे आकडे काय येतात ते येवोत. १६ आणि १२ च येतील असे नाही. सलग मजकुरात हा उपाय चालणार नाही, हे उघड आहे. तेथे एकाच हाताने दोन्ही लिप्या सोबत रेखाटणे हाच मार्ग, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’सारख्या टंकांत तो चोखाळला आहे. मात्र अशा टंकांतही देवनागरीने रोमनच्या चालीवर किती चालावे हा प्रश्न उरतोच. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ पडद्यावरील वाचनासाठी घडला होता. त्याला कागदावर आणून नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

उरलेल्या निम्म्या भागात ‘कऱ्हाड’ हवे. आज ‘कराड’ रूढ असले तरी हे जुने लेखन येथे मुद्दाम घ्यावे, कारण त्यातील ‘ऱ्ह’ला लागणारा कोयरीसारखा अर्धा ‘र’ ही मराठीची स्वतःची गरज आहे. हिंदीसाठी ओतलेल्या संचात तो असण्याचे कारण नाही. खिळ्यांच्या केसी शिशाच्या भावाने मोडीत जात असताना उरलेल्या संचांत कोणता खिळा सापडेल याची खात्री देता येत नाही; आणि नेमके असे क्वचित लागणारे खिळेच आधी हरवतात. तो सापडला तर दोन वळणांत दोनदा छापावा. एकाच वळणात सापडला, तर दुसऱ्या ओळीत त्या जागी तेवढ्याच रुंदीचे कोरे शिसे भरावे, आणि ‘क’ व ‘हाड’ यांच्यामधली शिरोरेषा तुटलेली राहू द्यावी.